अर्धा रंग, अर्धे लाकूड : जुन्या फर्निचरला नवे रूप देताना

घरात जुने सागवानी कपाट असते. पॉलिश उडालेले, एका बाजूचा फळा बदललेला, पायाशी पाण्याचे डाग. पॉलिशवाला म्हणतो, सगळे घासून मेलामाइन मारू. घरातली तरुण मंडळी म्हणतात, पांढरे रंगवून टाकू. कपाट ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या आजींना दोन्ही पटत नाही. वस्तू बदलते, गाव बदलते. पण रंगवावे की पॉलिश करावे, हा वाचकांचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

यावर तिसरा मार्ग आहे. काही भाग रंगवायचा आणि काही भाग मूळ लाकडाचा ठेवायचा. योग्य जागा निवडल्या तर जुन्या वस्तूतले दोष रंगाखाली जातात आणि चांगले लाकूड अधिक खुलते. निवड चुकली तर मात्र नुकसान सहज भरून येत नाही. सागवानासारख्या लाकडाच्या छिद्रांत शिरलेला रंग कितीही घासला तरी पूर्ण निघत नाही. म्हणून हा सगळा लेख एका सूत्रावर उभा आहे: जिथले लाकूड आधीच हातचे गेले आहे तिथेच रंग लावा, जिथले चांगले आहे तिथे ब्रश नेऊ नका.

आधी लाकूड ओळखा

वस्तू उलटी करा. खणाच्या तळाशी, पाठीमागे किंवा पायाच्या आतल्या बाजूला पॉलिश नसलेला भाग सापडतो. तिथे पॉलिश पेपर हलका फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. लाकडाचा खरा रंग दिसेल.

- सागवान: सोनेरी तपकिरी, गडद रेषांचे, हाताला किंचित तेलकट. दर्शनी फळ्या धडधाकट असतील तर त्या रंगवू नका.
- शिसवी: जांभळट काळसर आणि जड. हिला रंग लावूच नये. असे लाकूड आज सहज मिळत नाही. शिवाय तिच्यातला गडद अंश वरच्या फिकट रंगातून डाग होऊन वर येतो.
- फणस: कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत भरपूर दिसतो. ताजा असताना पिवळा, वयाने तांबूस तपकिरी होतो. पॉलिशवर सुंदर दिसतो.
- आंबा आणि इतर हलके लाकूड: कीड लवकर लागते, रेषा फारशा उठावदार नसतात. रंगासाठी उत्तम.
- प्लायवूडवरचे व्हिनिअर: कडेला थर दिसतात. वरचे लाकूड कागदाइतके पातळ असते. मशीनने घासाल तर खालचा थर उघडा पडेल. हाताने आणि बारीक पेपरनेच घासा.
- सनमायका: हे लाकूड नव्हे. त्यावर पॉलिश चढत नाही. एक तर काढून टाका, नाही तर पेपरने खरखरीत करून योग्य प्राइमर लावून रंगवा.

लाकूड ओळखता येत नसेल तर पॉलिशवाल्याऐवजी जुन्या सुताराला दाखवा. रंधा मारून निघालेल्या भुशावरून तो सांगेल.

कीड आणि सांधे तपासा

बारीक गोल छिद्रे आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे असे समजा. आधी औषध, मग बाकीचे. लाकडाच्या किडीचे औषध इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका छिद्रात सोडा, छिद्रे मेणाने बुजवा आणि काही आठवडे वस्तू वेगळी ठेवून नवा भुसा पडतो का ते पाहा. रंगाने कीड मरत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

हलणारे सांधेही आधी पक्के करून घ्या. रंगानंतर सांध्याला हात लावला की रंगाला तडा जातोच.

जुना लेप कोणता ते पाहा

नव्या थराची पकड जुन्या थरावर अवलंबून असते. तपासणी सोपी आहे. लपलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावा आणि मिनिटभर थांबा.

- पृष्ठभाग चिकट झाला, बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते चपडीचे म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिट आणि जाड फडक्याने ते निघते.
- स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने मऊ पडले, तर लॅकर असण्याची शक्यता मोठी.
- दोन्हींनी विशेष फरक पडला नाही, तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुना ऑइल पेंट असेल. इथे घासणे किंवा पेंट रिमूव्हर हाच उपाय.

रिमूव्हर वापरताना गच्चीत किंवा अंगणात काम करा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. काही ठिकाणी रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. सागवानासाठी तो टाळा. लाकूड काळवंडते आणि सांध्यांचा गोंद सुटतो.

जुना ऑइल पेंट असेल तर शिशाचा धोका लक्षात घ्या

घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांमध्ये, शिसे असू शकते. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. गरोदर स्त्रियांनाही तिच्यापासून दूर ठेवायला हवे. म्हणून:

- जुना रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून वॉटर पेपरने घासा.
- ब्लो लँपने रंग जाळू नका. शिशाची वाफ श्वासात जाते.
- साधा कापडी मास्क पुरत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा.
- निघालेला चोथा वर्तमानपत्रात गोळा करून पिशवीत बांधा. झाडूने उडवू नका, कुंड्यांत टाकू नका.
- कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका.

जुना रंगवलेला पाळणा नव्या बाळासाठी काढत असाल तर हे नियम काटेकोर पाळा. बाळ पाळण्याचा कठडा चावते. नवा रंग घेताना डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख आहे का, तेही वाचा.

कुठे रंग, कुठे लाकूड?

हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो खडूने करायचा आहे. जे रंगवायचे त्यावर खडूने फुली मारा, वस्तू दोन दिवस तशीच डोळ्यांसमोर ठेवा आणि मग ठरवा. निवडीचे काही आधार असे:

- हात जिथे सारखा लागतो तिथे लाकूड ठेवा. खुर्चीचे हात, टेबलाची कड, कपाटाच्या दाराची उघडायची बाजू. रंग इथे सर्वांत आधी उडतो आणि तुकडा निघालेला रंग फार वाईट दिसतो. झिजलेले पॉलिश मात्र जागच्या जागी दुरुस्त करता येते.
- दुरुस्ती जिथे झाली आहे तिथे रंग लावा. बदललेला फळा, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली भेग, न जुळणारे लाकूड. पॉलिशखाली लांबी कधीच लपत नाही.
- रेषा जिथे सर्वांत सुंदर आहेत तो भाग मोकळा सोडा. बहुधा टेबलाचा वरचा फळा किंवा खणांची तोंडे.
- सांध्यावर थांबा. रंग आणि लाकूड यांची सीमा फळीच्या मध्यावर नको. जिथे दोन भाग जुळतात तिथे हवी.
- प्रमाण निम्मेनिम्मे ठेवू नका. एक जण मुख्य, दुसरा साथीला. साधारण दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश हे प्रमाण बहुतेक वस्तूंना शोभते.

आता आपल्या घरांतल्या नेहमीच्या वस्तू पाहू.

कपाट: चौकट आणि बाजू रंगवा, दारांचे फळे लाकडाचे ठेवा. आत ऑइल पेंट लावू नका. त्याचा वास कपड्यांना महिनोन्महिने येतो. आत चपडीचा एक हात पुरतो, कारण स्पिरिट उडून गेले की वास उरत नाही.

लिहायचे किंवा जेवणाचे टेबल: पाय आणि पट्ट्या रंगवा, वरचा फळा लाकडाचा. जेवणाच्या टेबलावर फ्रेंच पॉलिश नको. गरम भांड्याने त्यावर पांढरी वर्तुळे उठतात. तिथे पीयू लावा.

चौरंग: पाय आणि कडेची नक्षी रंगवता येते, वरचा भाग रंगवू नका. हळदीकुंकवाचे डाग फिकट, चकाकी नसलेल्या रंगात मुरतात. पॉलिश केलेल्या लाकडावरून ते लगेच पुसले तर निघतात.

देव्हारा: समई आणि निरांजनाजवळचा भाग रंगाच्या जाड थराखाली नको. काजळी धरते आणि उष्णतेने रंगाला फोड येतात. बाहेरची चौकट रंगवायला हरकत नाही.

वेताची आरामखुर्ची: लाकडी सांगाडा हवा तर रंगवा, वेत रंगवू नका. रंगलेला वेत ताठर होतो आणि बसता बसता त्याला तडे जातात.

झोपाळा: बसायचा फळा लाकडाचा ठेवा. कड्यांच्या भोकांजवळ रंग टिकत नाही.

छटा निवडताना लाकडाचा पिवळसर तांबूसपणा ध्यानात घ्या. सागवानाशेजारी बाटलीसारखा गडद हिरवा, नीळ, करडा निळा, दुधी पांढरा हे रंग छान बसतात. तपकिरीच्या जवळच्या छटा टाळा. त्यांच्या शेजारी लाकूड मळकट दिसते. पांढराच हवा असेल तर वॉटर-बेस्ड इनॅमल घ्या. साधा पांढरा ऑइल इनॅमल उजेड कमी असलेल्या खोलीत काही काळाने पिवळा पडतो.

सामान

- पॉलिश पेपर: ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे
- लाकडाची लांबी, वुड प्राइमर, चांगल्या प्रतीचा मास्किंग टेप
- इनॅमल: एक लिटर दोन हातांत साधारण शंभर चौरस फुटांना पुरते, डब्यावरचा आकडाही पाहा
- चपडी लाख आणि स्पिरिट: एका लिटर स्पिरिटला सुमारे १४० ग्रॅम चपडी
- टेबलासाठी पीयू, इतर ठिकाणी चपडी किंवा मेण
- दीड-दोन इंची ब्रश, कापूस आणि जुने धुतलेले सुती कापड

चपडी स्पिरिटमध्ये विरघळल्यावर बाटली काही दिवस न हलवता ठेवा. तिच्यातले नैसर्गिक मेण तळाशी बसते. वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्या. तेच वापरले तर त्यावर रंग किंवा पीयू नीट धरते. स्पिरिट झटकन पेट घेते, म्हणून गॅस, उदबत्ती, समई यांच्या जवळ काम करू नका.

कामाचा क्रम

महाराष्ट्रात हे काम दसऱ्यानंतर मे महिन्यापर्यंत करावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत फ्रेंच पॉलिश दुधाळ पडते, रंग वाळत नाही आणि फुगलेल्या लाकडाचे सांधे उन्हाळ्यात उघडतात.

1. सुटे करा. कड्या, बिजागऱ्या, कुलूप काढा. स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत ठेवून त्यावर जागा लिहा. पितळी वस्तू चिंच-मिठाने घासून, धुऊन, कोरड्या करून ठेवा. बिजागरीवर रंग चढला की दार नीट लागत नाही.
2. धुवा. साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने तेलकटपणा काढा आणि पूर्ण वाळू द्या. स्वयंपाकघरातल्या वस्तूला हे दोनदा करावे लागते.
3. जुना लेप काढा. लाकूड दिसणार तिथे पूर्ण काढा. रंग लागणार तिथे सुटलेला भाग काढून उरलेला खरखरीत केला तरी चालते.
4. घासा. नेहमी रेषांच्या दिशेने. पॉलिशचा भाग ८० पासून २२० पर्यंत न्या. रंगाचा भाग १८० वर थांबवा. फार गुळगुळीत पृष्ठभागावर रंगाची पकड कमी होते.
5. सगळीकडे चपडीचा एक पातळ हात द्या. सागवानातला पिवळा अंश फिकट रंगातून वर येऊ नये म्हणून हा अडसर. शिवाय पुढे मोकळ्या लाकडावर रंगाचा थेंब पडला तर तो छिद्रांत न शिरता पुसता येतो.
6. लांबी भरा, प्राइमर लावा. फक्त रंगाच्या भागावर. वाळल्यावर ३२० ने हलके घासा.
7. टेप लावा. चपडी किमान दोन-तीन दिवस वाळलेली असावी, नाही तर टेपबरोबर तीही निघेल. टेपची कड नखाने दाबा आणि कडेवरून चपडीचा अगदी पातळ ब्रश फिरवा. मग रंग टेपखाली झिरपत नाही.
8. रंगाचे दोन पातळ हात मारा. मध्ये डब्यावर सांगितलेला पूर्ण वेळ जाऊ द्या. एक जाड हात दोन पातळ हातांची जागा घेत नाही. तो ओघळतो आणि आतून मऊ राहतो.
9. टेप काढा. शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी, तिरका ओढून. उन्हाळ्यात टेप एका दिवसापेक्षा जास्त ठेवला तर त्याचा गोंद चिकटून बसतो.
10. लाकडाचे अंतिम पॉलिश करा. चपडी असेल तर कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात. पीयू असेल तर ब्रशने दोन हात. स्पिरिटचा बोळा रंगाच्या कडेला टेकू देऊ नका.
11. थांबा. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असे नाही. दोन-तीन आठवडे वर जड वस्तू ठेवू नका आणि दारे घट्ट लावू नका.

खणांच्या बाजू आणि ते ज्या पट्ट्यांवर सरकतात त्या पट्ट्या रंगवू नका. रंगाच्या जाडीने खण अडकतो आणि पावसाळ्यात तर उघडतच नाही. तिथे मेणबत्ती घासा, तेवढे पुरते.

जवसाच्या तेलाबद्दल एक सूचना

मोकळ्या लाकडाला काही जण जवसाचे तेल, ज्याला आपण अळशीचे तेल म्हणतो, लावतात. लाकूड सुंदर दिसते. मात्र तेलात भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर वाळताना आपोआप तापतात आणि पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका. कोपऱ्यात ढीग करून झोपायला जाऊ नका.

काम कारागिराकडून करून घेताना

बहुतेक तक्रारी तोंडी व्यवहारातून येतात. काम सुरू होण्याआधी साध्या कागदावर किंवा मोबाइलवरच्या संदेशात एवढे लिहून घ्या:

- कोणता भाग रंगाचा, कोणता लाकडाचा. खडूने खुणा केलेल्या वस्तूचे फोटो जोडा
- रंग, प्राइमर आणि पॉलिशचे नाव, किती हात, सामान कोणाचे
- जुना लेप पूर्ण काढणार की त्यावरच काम करणार
- एकूण मजुरी, आगाऊ रक्कम, कामाची मुदत
- कड्या, कुलपे, बिजागऱ्या किती आणि कोणत्या. पितळी वस्तू परत त्याच मिळतील याची नोंद

आधी नमुना मागा. त्याच वस्तूच्या मागच्या बाजूला हातभर जागेत रंग आणि पॉलिश शेजारी शेजारी करून दाखवायला सांगा. सगळी रक्कम आधी देऊ नका आणि बिल जरूर घ्या. चांगला कारागीर या अटींना नाही म्हणत नाही. त्यालाही भांडण नकोच असते. त्याच्या कौशल्याचे पैसे मात्र पूर्ण आणि वेळेवर द्या.

तरीही काम बिघडले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. पैसे घेऊन केलेल्या कामातली उणीव ही सेवेतील त्रुटी ठरते. आधी लेखी तक्रार करून दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देणेही बंधनकारक नाही. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा.

वस्तू वडिलोपार्जित असेल तर

वाटणी झालेली नसेल तर त्या पेटीवर किंवा कपाटावर भावंडांचाही वाटा असतो. रंगवण्याआधी त्यांना विचारा. तुमच्यासाठी ती जागा अडवणारी पेटी असेल. बहिणीसाठी ती आईची आठवण असू शकते.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी, कोरीव किंवा सही-शिक्क्याची असेल तर कोणताही लेप काढण्याआधी जाणकाराला दाखवा. मूळ लेप गेला की तिचे मोल उतरते. अशी वस्तू परदेशातल्या मुलांकडे पाठवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरणारी चीज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपली वस्तू त्यात मोडत नाही, असे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळते. ते आधी घ्या.

सुरुवात कशी कराल?

थेट कपाटाला हात घालू नका. घरातले एखादे स्टूल घ्या: पाय रंगाचे, बैठक लाकडाची. घासणे, टेप, रंगाचा हात, पॉलिश हे सगळे त्यात येते आणि चुकले तरी फार बिघडत नाही. जमले, की मोठी वस्तू हाती घ्या. मनात शंका असलेला भाग आज लाकडाचाच ठेवा. तो पुढे कधीही रंगवता येईल. रंगवलेला पुन्हा पूर्वीसारखा करणे मात्र फार अवघड असते.

काम पूर्ण झाले की खणाच्या तळाशी एक कागद चिकटवा. त्यावर लाकूड कोणते, कोणता रंग, कोणते पॉलिश, कोणत्या वर्षी केले एवढे लिहा. पुढच्या वेळी जो कोणी ही वस्तू दुरुस्त करील, त्याला स्पिरिटचा बोळा घेऊन शोध घ्यावा लागणार नाही.